भाजीच ना ही?

"काय भाजी झालीय गं सुवर्णा! मेथीनं मेथीच्या जागी आन् वांग्यानं वांग्याच्या जागी गप बसावं. वनस्पती असावी तर अशी!" असं म्हणून वाळूअण्णांनी मशरूमच्या रश्श्यात भाकरीचा तुकडा बुडवला.

आता मुलाने नुसती मान डोलावून आणखी अर्धी भाकरी मागितली असती, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण मुलगा होता समाधान. तो पंचवटीतल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होता, आणि नेमकं त्याच दिवशी त्याने नववी ब ला सजीवांचं वर्गीकरण शिकवलं होतं. डोक्यात धडा अजून गरम होता.

"अण्णा," तो म्हणाला, "मशरूम वनस्पती नाही."

समाधानला हे दुखणं जुनंच होतं. कुणी चुकीचं बोललं आणि ते तसंच राहिलं, तर त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. मुलगी बघायला गेला तेव्हाही सुवर्णाच्या मामांनी बोलता बोलता वटवाघळाला पक्षी म्हटलं, आणि यानं पोहे बाजूला सारून वटवाघूळ सस्तन कसं, ते अख्ख्या बैठकीला समजावलं. पोहे गार झाले, मामा गप्प झाले, वडीलधारी चुळबुळ करायला लागली. सुवर्णाने मात्र आत जाऊन आईला सांगितलं, "मुलगा चालेल. हा कधी खोटं बोलायचा नाही." तेच कौतुक आज तिच्याच मुळावर आलं होतं.

ती स्वयंपाकघराच्या दारातून डोळे मोठे करून डाव हलवत होती. समाधानला वाटलं, रस्सा वाढू का म्हणून विचारतेय. त्याने हातानेच नको म्हटलं आणि अण्णांकडे वळला.

"वनस्पती नाय?" अण्णांनी विचारलं. "मग काय हाय?"

"कवक. सजीवांच्या पाच सृष्टी असतात, अण्णा. मोनेरा, प्रोटिस्टा, कवक, वनस्पती आणि प्राणी."

"पाच? देवानं तर एकच केली व्हती."

"शास्त्रज्ञांनी तिचे पाच गट पाडलेत. मशरूम स्वतःचं अन्न स्वतः करत नाही, म्हणून ते वनस्पतीत बसत नाही. उलट हल्लीचे शास्त्रज्ञ म्हणतात, कवकं वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जास्त जवळची आहेत."

अण्णांचा घास ताटापासून ओठांपर्यंतच्या वाटेत थांबला. त्यांनी तो हळूच खाली ठेवला आणि गळ्यातली तुळशीची माळ चाचपली.

"प्राण्यांच्या जवळची," ते म्हणाले. "म्हंजी किती जवळची? चुलत का सख्खी?"

समाधान यावरही उत्तर देणार होता, पण आतून डाव आपटल्याचा आवाज आला.

वाळूअण्णा माळकरी माणूस. मखमलाबाद रस्त्यावरच्या त्यांच्या मळ्यात मेथी, पालक, शेवंती व्हायची, उन्हाळी कांदाही निघायचा. पण स्वतः पिकवलेला कांदा ते चातुर्मासात तोंडात घालत नसत. त्यांच्या लेखी जगातल्या सजीवांचे गट कधीच ठरलेले होते: उपासाला चालणारं, उपासाला न चालणारं, चातुर्मासात न चालणारं आणि वशाट. भगर, रताळं आणि राजगिरा एका बाजूला, बोंबील आणि कोंबडी दुसऱ्या बाजूला. सुवर्णाने प्रशिक्षण घेतलं आणि मशरूम लावायला जुनी कांद्याची चाळ मागितली, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. "भाजीच ना ही? वशाट नाय ना?" सुवर्णा म्हणाली, "भाजीच अण्णा." झालं. अण्णांनी चाळीची चावी तिच्या हातावर ठेवली. वर तिला गोणपाट बांधायला मदत केली आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगितलं, "बी हाय, पाणी हाय, काड हाय. म्हंजी पीकच की!"

आता ते मोरीत जाऊन चुळा भरत होते. चूळ भरली की "पांडुरंगा" म्हणायचे आणि पुन्हा तांब्या तोंडाला लावायचे.

"अवं, काय झालं?" चतुराबाई मागून ओरडल्या.

"काय झालं? दिवाळीपासनं तुझा नवरा जनावर खातोय, ते झालं!"

"अण्णा, जनावर नाही," समाधान मोरीच्या दाराशी जाऊन म्हणाला. "तो वेगळा गट आहे. मी सांगतो ना नीट..."

"तू आता काय सांगू नको," चतुराबाई म्हणाल्या. पण उशीर झाला होता.

अण्णा बाहेर आले ते पडक्या चेहऱ्याने. स्वतःच्या पापापेक्षा त्यांना दुसरंच काहीतरी खात होतं. सुनेच्या कौतुकापोटी त्यांनी गेल्या द्वादशीला सगळ्या भजनी मंडळाला उपास सोडायला घरी बोलावलं होतं, आणि पंगतीत आग्रह करकरून हीच भाजी वाढली होती. मंडळातले सगळे माळकरी. त्यांना अंधारात ठेवणं अण्णांना जमणार नव्हतं. तेही शेवटी समाधानचेच वडील.

"सुवर्णा," ते म्हणाले, "पोरी, तुझा काय दोष नाय. पण सप्ता तोंडावर आला. देवाच्या कामात हे बसत नाय. काल्याच्या दुसऱ्या दिवशी चाळ मोकळी करायची."

सुवर्णा ताटं उचलायला लागली. चाळीत टांगलेल्या नव्या पिशव्यांतलं काड आता कुठे पांढरं व्हायला लागलं होतं. देवळाली कॅम्पातल्या एका केटररने लष्करी अधिकाऱ्यांच्या नव्या वर्षाच्या पार्टीसाठी तिला पहिली मोठी ऑर्डर दिली होती. माल आवडला तर कायमचं गिऱ्हाईक. तो माल काल्यानंतर आठवड्याने तोडणीला येणार होता. लग्नानंतर तिने स्वतःच्या डोक्याने उभी केलेली ही पहिली गोष्ट होती, आणि तिला ती जिवापाड आवडत होती.

रात्री तिने समाधानकडे पाठ फिरवली. "मी फक्त बरोबर काय ते सांगितलं," तो म्हणाला.

"हो ना. तुम्हाला विचारलं होतं का पण कुणी?"

समाधान अंधारात विचारणाऱ्याचं नाव आठवत राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हरिपाठाच्या आधी मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर मंडळ बसलं. अण्णांनी उभं राहून सगळी हकिगत सांगितली आणि हात जोडले. जो तो त्या दिवशी आपण किती खाल्लं ते आठवत होता. वीणेकरी यादवबुवांचा चेहरा सगळ्यांत पडला होता, कारण त्यांनी तीनदा मागून घेतली होती.

"मी तर नुसता रस्सा घेतला व्हता," लहानू टाळकरी घाईघाईने म्हणाला.

"रस्सा काय आभाळातनं पडला व्हता का?" यादवबुवा खेकसले. "बुडालो तर सगळे संगंच बुडालो. पण आधी हे ठरवा, ते हाय तरी काय? मी सांगतो. ज्याला डोळे, ते खायाचं नाय. एवढं सोपं हाय."

"बुवा, बटाट्याला डोळे असत्यात. उसालाबी," लहानू म्हणाला.

"मग जे भुईतनं वर येतं ते चालतं."

"गांडूळ?"

यादवबुवांनी लहानूकडे असं पाहिलं की तो टाळ पुसायला लागला. मग सर्वानुमते ठरलं की मास्तरलाच बोलवावं.

समाधान आला तो शाळेतला वर्गीकरणाचा तक्ता काखेत मारूनच. घरातली चूक आता शास्त्रानेच निस्तरायची, असं त्याने ठरवलं होतं. त्याने एकादशीच्या कॅलेंडरचा खिळा बघून त्यावर तक्ता टांगला आणि पट्टी हातात घेतली. समोर मंडळी मांडी घालून बसलेली. नववी ब पेक्षा कितीतरी शांत. त्याला हुरूप आला.

"यात मानूस कुठं हाय?" यादवबुवांनी विचारलं.

"हा इथे. प्राणी सृष्टीत."

"आन् ही शेजारी कोंबडी?"

"तीही त्याच सृष्टीत."

"म्हंजी मी आन् कोंबडी एका घरातले?"

"म्हणूनच आपण ती खात नाय, बुवा," अण्णा अभिमानाने म्हणाले. या उत्तरावर सगळ्यांनी माना डोलावल्या आणि वर्गीकरणाबद्दल मंडळाचं मत जरा बरं झालं.

इथे समाधान थांबला असता, तरी गाडी रुळावर आली असती. पण त्याला वाटलं, आता एकच घाव घालावा आणि काम फत्ते करावं.

"हे बघा, वनस्पती नाही म्हणून मशरूम खायचं नाही, असं तुम्ही म्हणता," तो पट्टी तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यावर ठेवत म्हणाला. "पण तुम्ही रोज जेवणात दुसऱ्या एका सृष्टीतले जीव खाता. ही मोनेरा सृष्टी. यातले जिवाणू कुठे असतात? दह्यात! एका चमच्यात कोट्यवधी. आणि सगळे जिवंत. म्हणून तर दही लागतं. बोला आता."

बोलायला आधी उठला तो पुंजा. पुंजाचा म्हशींचा गोठा होता आणि सप्त्याच्या काल्याला दही दरवर्षी त्याच्याकडूनच जायचं.

"मास्तर, माझ्या दह्यात किडं हायत म्हनता?"

"किडे नाही हो पुंजाभाऊ, जिवाणू. आणि ते सगळ्यांच्याच दह्यात असतात."

"सगळ्यांच्या दह्याचं मला नका सांगू! माझ्या दह्याचं बोला!"

पुंजाला दोघांनी धरून खाली बसवलं. समाधान विजयी चेहऱ्याने वडिलांकडे पाहू लागला. त्याची अपेक्षा अशी की अण्णा आता हसतील आणि म्हणतील, दही चालतं तर मशरूमला काय झालं. पण अण्णांना एका न्यायाने चालायची सवय होती.

"वनस्पती नाय म्हंजी नाय," ते गंभीरपणे म्हणाले. "बरं झालं सांगितलंस. आजपासनं दही बंद."

आणि अण्णांनी सोडलं म्हटल्यावर मंडळाने सोडलं. कारण पारण्याच्या चुकीनंतर प्रत्येकाला आपण अण्णांपेक्षा कडक असल्याचं दाखवायचं होतं.

पुढचे काही दिवस मळ्यातल्या घराघरांत जे झालं, त्याला समाधानच्या तक्त्यात जागा नव्हती. कढी बंद झाली. ताक बंद झालं. ठेच्याबरोबर दही नाही म्हणून लहानूच्या जिभेला फोड आले. कुणीतरी समाधानला रस्त्यात गाठून विचारलं, इडली चालंल का? त्याने प्रामाणिकपणे आंबवण्याची क्रिया समजावली, आणि इडलीही गेली. जिलेबीबद्दल विचारायला कुणी धजावलं नाही. तेवढीच काय ती वाचली. बायका पाण्याला जाता येता त्याच्याकडे बघून तोंडं फिरवायच्या. पुंजा तर त्याला बघितलं की म्हशीला मोठ्याने शिव्या द्यायचा, आणि त्या म्हशीसाठी नाहीत हे म्हशीलाही कळत होतं.

"आता तुम्ही काही करू नका," सुवर्णाने त्याला बजावलं. "अगदी काही म्हणजे काही करू नका. सांगू पण नका कुणाला काही."

ती स्वतः मात्र रोज चाळीत जात होती. गोणपाटावर पाणी मारत होती, पिशव्या फिरवून बघत होती. आठवड्याने जे काढून टाकायचं त्याला पाणी कशाला, असं अण्णांनी एकदा विचारलं. ती म्हणाली, "अण्णा, जीव आहे तोवर पाणी पाजावं माणसाने." अण्णा माळ चाचपत बाहेर पडले. सुनेचं वाईट त्यांनाही वाटत होतं. पण माळ गळ्यात होती आणि न्याय एकच होता.

सप्त्याचा सहावा दिवस संपत आला. दुसऱ्या दिवशी काला. ओट्यावर मंडळ कामं वाटून घेत होतं, तेवढ्यात सुवर्णा आणि चतुराबाई चहाची किटली घेऊन आल्या. सुवर्णाने सगळ्यांना चहा दिला, पदर नीट केला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "अण्णा, उद्याचा काला यंदा माझ्याकडे आहे. लाह्या भाजून झाल्या. डाळ भिजत घातली. त्यात दह्याऐवजी काय घालू?"

यादवबुवांनी बशीतला चहा ओठांपाशीच धरला. इतके दिवस हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"लिंबू पिळू का?" सुवर्णाने विचारलं.

"काल्यात लिंबू?" लहानू घाबरून म्हणाला.

"मग नुसत्या लाह्या ठेवू? वाऱ्यावर उडतील, पण सृष्टी सांभाळली जाईल."

"आन् वर टांगायच्या हंडीत काय भरायचं?" चतुराबाईंनी किटली दाणकन खाली ठेवली. "ज्याच्या नावानं काला करताय, त्यो गोकुळात घराघरात शिरून काय खात व्हता? गवार? त्यानं दही खाल्लं ते तुम्हाला गोड, आन् आमची कढी तुम्हाला वशाट? मंग लिहा देवाच्या नावावरबी पाप!"

जो तो आपापल्या बशीत बघायला लागला. पुंजा एकटाच ताठ बसला होता.

अण्णांनी डोळे मिटले. ते माळेचे मणी ओढत राहिले. त्यांच्यापुढे मोठाच पेच होता: एक तर देवाला दोषी धरायचं, नाहीतर दह्याला निर्दोष सोडायचं. आणि दह्याला सोडलं, की मग आणखी कुणाला तरी सोडावं लागणार होतं. अण्णांनी डोळे उघडले.

"दही वनस्पती नाय," ते सावकाश म्हणाले. "तरी देवाला चाललं. म्हंजी वनस्पती नाय येवढ्यानं एखादी वस्तू वाईट ठरत नाय. मशरूमबी वनस्पती नाय. मंग त्याला मी कोन्या तोंडानं नाय म्हनू? रक्त नाय, हाड नाय, वरडत नाय, पळत नाय. काय बुवा?"

"मी तर तीनदा घेतली व्हती," यादवबुवा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "लय चांगली लागली व्हती, अण्णा. तवाच मला वाटलं व्हतं, यात पाप नसंल."

दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं. पुंजाने दरवर्षीपेक्षा दुप्पट दही आणलं आणि हंडी फुटली तेव्हा सगळ्यांत जास्त तोच भिजला. द्रोणाद्रोणांतून काला वाटला गेला. मग अण्णांनी माईक हातात घेतला.

"मंडळी, आमच्या घरातनं एक घोळ झाला व्हता, त्यो आमच्याच मास्तरनं शास्त्र दाखवून सोडवला. आता कुणी शंका घ्यायची नाय. दही आन् मशरूम, दोन्ही एकाच सृष्टीतली हायत!" अण्णांनी माईक समाधानपुढे धरला. "बरोबर का नाय, मास्तर?"

सगळा मांडव त्याच्याकडे बघायला लागला. पुढच्याच रांगेत नववी ब ची चार मुलं काला खात बसली होती. दह्यातले जिवाणू मोनेरा, मशरूम कवक; दोन वेगळ्या सृष्टी. चाचणीत यांच्यातल्याच एकाने हे दोन्ही एका गटात टाकले होते, तेव्हा समाधानने लाल पेनाने मोठी फुली मारली होती.

घशापाशी ते जुनं दुखणं उसळून आलं. त्याने सुवर्णाकडे पाहिलं. ती बायकांत काल्याचं घमेलं घेऊन उभी होती. आज तिने डोळे मोठे केले नाहीत की हात हलवला नाही. ती नुसती त्याच्याकडे बघत होती.

"दोन्ही वनस्पती नाहीत," समाधान माईकमध्ये म्हणाला, "आणि दोन्ही प्राणीही नाहीत. हे शंभर टक्के खरं आहे."

टाळ्या पडल्या. त्याच्या ओठांवर 'पण' आला. अगदी ओठांवर आला. तेव्हा त्याने हातातला द्रोण उचलला, सगळाच्या सगळा काला एका दमात तोंडात कोंबला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत चावत राहिला. अण्णांना वाटलं, पोराला भरून आलं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

संध्याकाळी तो चाळीत गेला तेव्हा सुवर्णा गोणपाटावर पाणी मारत होती. पिशव्यांतून आता बारीक बारीक कळ्या डोकावायला लागल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, एकीवर एक.

"मी खोटं बोललो नाही ना?" त्याने विचारलं.

"नाही. विचारलं त्यातलं जे खरं होतं, तेवढं सांगितलंत." तिने पंप खाली ठेवला. "वनस्पती नाही हे मला प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

समाधान बघतच राहिला. "तुला माहीत होतं? मग अण्णांनी विचारलं तेव्हा तू..."

"अण्णांनी विचारलं, भाजीच ना ही? मी म्हटलं, भाजीच. कोणत्या सृष्टीतली, असं त्यांनी कुठे विचारलं?"

समाधानने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. दिवसभरात दुसऱ्यांदा. मग त्याला हसू आलं, तिलाही आलं, आणि बऱ्याच दिवसांनी त्या चाळीत दोघं मोकळेपणाने हसली.

तेवढ्यात गोणपाट बाजूला सारून अण्णा आत आले. अंगावर धुतलेला सदरा, चेहऱ्यावर नवा उत्साह.

"सुवर्णा, कॅम्पात माल न्यायचा त्या दिवशी मी येतो संगं. टोपल्या मी उचलीन. आन् त्या केटररला एकदा नीट बसवून पाच सृष्टी समजावून सांगतो. त्याला बिचाऱ्याला वाटत असंल, ही भाजीच हाय!"

"अण्णा!" दोघं एकदमच ओरडली.

मग समाधान पुढे झाला, वडिलांचा हात हातात घेतला आणि अतिशय कळकळीने म्हणाला, "अण्णा, तुम्ही जरूर या. पण तो विचारेल तेवढंच सांगायचं."